दुसऱ्यांदा टाकलेला खडा

रस्त्याच्या भरावाचा थर नीट दाबला गेलाय का हे तपासताना खणायची जागा आपण निवडायची नाही, हे मला पहिल्या साहेबांनी शिकवलं. थराकडे पाठ करायची, खांद्यावरून खडा मागं टाकायचा आणि पडेल तिथं खणायचं. माणूस जागा निवडायला लागला की चांगलीच निवडतो, असं ते म्हणायचे. हे ऐकून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केवढं कौतुक! फौजेतून निवृत्त झालेला माणूस, शिस्तीवर भाळणारा. "माझी पोर खडा पडंल तितंच खणती," असं त्यांनी गावभर सांगितलं.

आता रोलरलाच संगणकाचा पडदा असतो. दाबलेली जागा हिरवी दिसते, कच्ची लाल. आमच्या गावाहून कराडला जाणाऱ्या रस्त्यावर असा रोलर आला, तेव्हा मी जरा हवेतच होते. ओढ्यावरच्या मोरीजवळ त्या दिवशी सगळा पडदा हिरवा. पण मोरीच्या भिंतीलगतची हातभर पट्टी पडद्यावर नव्हतीच. तेवढं मोठं धूड भिंतीला चिकटून चालत नाही. तिथली माती छोट्या धुम्मस मशीननं ठोकायची असते, आणि ते मशीन दोन दिवस बंद होतं.

"हातानं ठोकलंय, मॅडम. लय घट्ट हाय," मुकादम म्हणाला.

मी पाठ करून खडा टाकला. तो नेमका भिंतीलगत पडला. मागं मुरमाचे डंपर खोळंबलेले, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खडा उचलला आणि पुन्हा टाकला. या वेळी मधोमध पडला. चाचणी झकास आली आणि मी सही ठोकली.

पावसाळ्यानंतर रस्ता मोरीच्या भिंतीलगतच खचला. चारेक बोटंच, पण आईच्या मणक्याला तेवढी पुरे. आबा तिला दर आठवड्याला मोटरसायकलवरून कराडच्या दवाखान्यात नेतात. मला कशातच गोडी राहिली नाही. हातातलं काम टाकून उठायचं, आबांना फोन लावायला घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, असे महिने गेले. सुट्टीला घरी गेले तर चौकात आबा कुणाशी तरी हमरीतुमरीवर आलेले. "ऊसगाड्यांनी खचवलाय त्यो! माझ्या पोरीच्या कामाला नावं ठेवू नगा!"

घरी आल्यावर मी सांगून टाकलं. "आबा, ऊसगाड्यांचा दोष न्हाई. खडा भिंतीजवळच पडला हुता. मी दुसऱ्यांदा टाकला."

आबा चपला काढता काढता थांबले.

"कुणी सांगितलं हुतं दुसऱ्यांदा टाकाय?"

"कुणीच न्हाई."

सोमवारी मी ऑफिसात लेखी दिलं, की माझी चाचणी चुकीची आहे, तेवढा भाग उकरून पुन्हा करा. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होवो. उत्तर अजून आलेलं नाही. आबा मोरीच्या अलीकडे गाडी थांबवून आईला उतरवतात, आणि तिनं चालत मोरी ओलांडली की पलीकडे पुन्हा बसवतात. रस्ता कुणी केला, हे आता कुणाला सांगत नाहीत.