डॉल्सीने आतली शीर शोधली

त्या दिवशी खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझी सून रीटा, इंजेक्शन देणारा गोरा डॉक्टर आणि सोनोग्राफीचं यंत्र धरणारी डॉल्सी. डॉल्सी आमच्या वसईकडची, इथे कॅनडात व्हिटबीला नोकरीला. पायाला लावायच्या जेलची बाटली आधी स्वतःच्या काखेत धरून गरम करायची. "गार लावलं की माणूस दचकतो," म्हणायची.

माझ्या घोट्यावर नऊ वर्षं जखम होती. हॉटेलच्या लॉन्ड्रीत उभं राहून शिरा फुगल्या, कातडी काळी पडली, मग फुटली. पट्टी बांधायची, वरून पॅन्ट, की चालले कामाला. आधी एका डॉक्टरने वरच्या शिरांत इंजेक्शनं दिलेली. त्या परत आल्या. जखम वाढत गेली. आता पाय राहतो की जातो, एवढंच बघायचं होतं.

मी टेबलावर चढायला गेले तर डॉल्सी म्हणाली, "उतरा आंटी. उभ्या राहा. तुम्ही आडव्या झालात की शीर पण साळसूद होते." पोटरी दाबली, सोडली. पडद्यावर रक्त उलटं खाली येताना दिसलं. "बघा, चोर आत बसलाय. आधीच्या डॉक्टरने नुसती अंगणातली पोरं बडवली, वरच्या शिरा."

मग मला झोपवलं. डॉक्टरने सुई उचलली, तशी ती म्हणाली, "वेट." पडद्यावर बोट ठेवून मला मराठीत सांगितलं, "दाबल्यावर चपटी होते ती शीर. ही शेजारची उडतेय ना, ती आर्टरी, धमनी. तिच्यात औषध गेलं तर पाय गेला." डॉक्टर सुई घेऊन चार बोटं वर सरकला. औषधाचा फेस शिरेतून पांढरा पांढरा धावला.

घरी रीटाने मला पलंगावर टाकलं. आमच्यात सुई टोचली तरी ऑपरेशन, अन् ऑपरेशन म्हणजे आराम. पायाखाली उशा, हातात सूप. तिसऱ्या दिवशी डॉल्सीचा फोन.

"आंटी, कुठे आहात?"

"पलंगावर."

"चालायला सांगितलं होतं ना? पडून राहिलात तर आत रक्ताची गाठ होईल. सुनेला द्या फोन."

रीटाने फोन ठेवला. "मम्मी, उठा. तिने मला धुतलं."

बाहेर बर्फ, म्हणून मॉलमध्ये चालले. घट्ट स्टॉकिंग घालून, रोज.

पुढच्या वेळी डॉल्सीने यंत्र दाबून दाबून बघितलं. शीर चपटी होईना. "बंद झाली आंटी. मेली ती." पुढे काही आठवड्यांनी पट्टी कोरडी निघाली. नऊ वर्षांनी. डॉल्सीने नव्या कातडीवरून अंगठा फिरवला अन् डॉक्टरला ओढत बघायला आणलं.

नंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ती लांब रेजिना शहरात राहायला गेली. मी दोन पायांवर दारापर्यंत सोडायला गेले.

तुमच्या घरात कोणी बाई पट्टी लपवून कामाला जात असेल, तर तिला दवाखान्यात घेऊन जा.