टेबलावरचे दोन ग्लास

लातूरला क्लासेसच्या गल्लीत एका ओळखीच्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भूकंप झाला तेव्हा तो लहान होता. अजूनही टेबलाच्या कडेला स्टीलचे दोन ग्लास उपडे, एकावर एक ठेवतो. जमीन हलली की वाजावेत म्हणून.

त्या दिवशी माझ्या मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत होती आणि आमच्या लॅपटॉपवर फॉर्म उघडला की त्यावर जाहिरातीच येऊन बसत. लॅपटॉप घेऊन त्याच्या दुकानात पोचलो तेव्हा मुलगी रडकुंडीला आली होती.

"कुणाकुणाला घरात घेतलं हो सर तुमी?" असं पुटपुटत तो ब्राउझरमधलं एकेक एक्स्टेंशन काढत होता. "एक जरी ऱ्हायलं की सगळे वापस येतेत."

शेवटचं निघालं. फॉर्म स्वच्छ दिसला, आणि तेवढ्यात ग्लास खणखणले.

त्यानं माउस टाकला, मुलीचं मनगट धरलं आणि तिला ओढत थेट रस्त्यावर नेलं.

उसाचा ट्रक गेला होता, एवढंच. तो घाम पुसत आत आला. मी त्याच्या खुर्चीवर बसून फॉर्म भरत होतो.

"सर, ग्लास वाजलेले ऐकू आले न्हाई का तुमाला?"

आले होते.