न्हाणीघराचा कठडा

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. म्हाताऱ्या सैनिकांच्या वसतिगृहात ती धोबीण होती आणि मी बॉयलरवर. मी वाफ सोडली की ती त्या वाफेत शिरायची आणि दुपारीच बाहेर दिसायची. म्हणून सगळे तिला इंजीन म्हणायचे. पिळलेल्या चादरीतून थेंब गळला तर ती चादर पुन्हा पिळायची. कामाच्या बाबतीत मी सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. तिला म्हणतो.

तिचा बाप त्याच वसतिगृहात, कोपऱ्यातल्या खाटेवर होता. लढाईत त्याने बंदूक चालवली नाही, स्ट्रेचर उचललं. आता त्याचे पाय लटपटायचे. न्हाणीघर अंगणापलीकडे, पायऱ्या चढून; संडासही त्यातच. पोरीने दंड धरून तिथवर न्यावं याची त्याला इतकी लाज वाटायची की तो कळ दाबून पडून राहायचा, आणि कुणी उठायच्या आत भिंत चाचपत एकटा जायचा.

शेजारच्या खाटेवरचा तोफवाला त्याला डिवचायचा, "मला पाठीवर घालून आणलंस लेका, आता स्वतःला न्हाणीपर्यंत नेता येईना?"

"तू तेव्हाही जडच होतास," बाप म्हणायचा. "कंबर तुझ्यामुळेच गेली."

वर्षातून एकदा वीर वंशज मंडळ यायचं. सैनिकांची मुलं-नातवंडं, आता बंगल्यांतून राहणारी. त्यांच्या सेवादिनासाठी म्हाताऱ्यांचे जुने गणवेश पेटीतून निघायचे आणि इंजीन आठवडाभर ते धुऊन, खळ घालून, इस्त्री करत बसायची. मग म्हाताऱ्यांनी उन्हात ताटकळायचं आणि मंडळाने भाषणं करायची. आजोबांच्या शौर्याबद्दल नातू असा बोलायचा की जणू गोळी यालाच लागली होती.

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी इंजीनला विचारलं, "मावशी, यंदा काय सेवा करू?"

"साहेब, न्हाणीच्या पायऱ्यांना कठडा बसवा. धरायला."

"अहो, ते ठेकेदाराचं काम. सेवा कशी, स्वतःच्या हाताने करायची असते."

"मीही हातानेच करते. माझाही बाप सैनिक आहे. म्हणजे मीही वंशजच की!"

अध्यक्ष हसले. "तुम्हाला पगार मिळतो ना मावशी? मग ती नोकरी झाली. सेवा वेगळी."

त्यांनी सेवा केली ती पायऱ्या रंगवण्याची. पलटणीच्या रंगाचे चकचकीत पट्टे, ऑइल पेंटचे. रंग अध्यक्षांच्या मेहुण्याच्या दुकानात पडून होता. खाली घासलं नाही, अस्तर नाही. ब्रश कसा धरायचा तेही ठाऊक नाही. पायरीइतकाच रंग अंगावर. फोटो झाले, चहा झाला, कपडे बदलून सगळे गाडीत बसले. रंगाने माखलेले सदरे मात्र धुलाईघरात टाकून गेले, सोबत निरोप : डाग राहू देऊ नका.

इंजीन रॉकेलचा बोळा घेऊन ते घासत बसली. मी म्हणालो, "बाई, फेकून दे."

"कापडाने काय केलंय दादा?" ती म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी, दव पडलेल्या पहाटे, बाप त्या पायरीवरून घसरला. हाड वाचलं, पण कुल्हा काळानिळा झाला. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हुकूम काढला : म्हाताऱ्याने आता खाटेवरून उतरायचं नाही, शौचाला खाटेवरच भांडं द्या. बापाने खाणंच सोडलं. खाल्लं नाही की भांडं लागत नाही, हा त्याचा हिशेब.

इंजीन अधीक्षकांपुढे उभी राहिली. "कठडा बसला तर जाऊ द्याल?"

"बसला तर जाऊ दे. पण पैसे कुठले?"

पैसे तिने साठवले होते. तिचे गुडघे पाण्यात उभं राहून गेले होते. स्वतःची इस्त्री घ्यायची, घरच्या ओसरीवर टेबल मांडायचं आणि बसून काम करायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. ते पैसे तिने माझ्या हातावर ठेवले. "दादा, पाइप जाड आण."

मी पाइप कापला, जोडला, सिमेंटमध्ये पक्का गाडला. सांधे कानशीने घासले, तळव्याला टोचू नयेत म्हणून. ती एकेका पायरीवर बसून पत्र्याच्या तुकड्याने वंशजांची सेवा खरवडत होती. रंग तेवढा घट्ट बसलाच नव्हता.

पहिल्या दिवशी बाप निघाला तेव्हा ती धुलाईघराच्या दारातून बघत होती. त्याने कठडा धरला, हलवून पाहिला आणि न वळताच ओरडला, "इंजीन, आत जा! चादरी जळतील."

"चादरी कशा जळतील बाबा? ओल्या आहेत."

"मग वाळव!"

पुढच्या सेवादिनाला अध्यक्ष डबा आणि ब्रश घेऊन कठड्यापाशी आले. इंजीन आडवी उभी राहिली. "साहेब, हा नोकरीतला आहे," ती म्हणाली. "सेवा तिकडे फाटकावर करा." त्यांनी फाटक रंगवलं. सदरे त्या वेळी तिने घेतले नाहीत.

ओसरीवर टेबल कधी आलं नाही. गुडघ्यांनी साथ सोडली तोवर ती पाण्यातच उभी होती. एवढ्या वर्षांच्या पगारातून तिच्या हाती आला तो लोखंडी पाइप. तो धरून तिचा बाप शेवटपर्यंत एकटा न्हाणीत जायचा, आणि आतून कडी लावायचा.