सातचं रीळ

आमच्या यांचं नाव मच्छिंद्र, पण नेवाशात सगळे त्यांना फिटर म्हणतात. साखर कारखान्यात सारा जन्म गिअरबॉक्स खोलण्यात आणि लावण्यात गेला. निवृत्त झाल्यावरही घरातला मिक्सर घरघरला की आधी त्याच्या गिअरवर व्याख्यान व्हायचं. “गिअरमधलं मला कोन शिकवनार?” हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. कान किटले, पण माणूस कामात खरोखर हुशार, म्हणून मी गप्प बसायचे.

घरी बसल्यावर यांना मासे धरायचा नाद लागला. पोटासाठी नाही, हौस. जायकवाडीचं फुगवट्याचं पाणी आमच्या तालुक्यात लांबवर पसरलंय, त्याच्या काठावर यांच्यासारखी रिकामी टाळकी सकाळी जमतात. गांडूळ लावून बसणं यांना कमीपणाचं वाटायचं. मोबाईलवर बघून यांनी प्लास्टिकचे नकली मासे मागवले. त्यातला खोल बुडी मारणारा यांचा लाडका. त्याच्या तोंडाला चमच्याएवढी पारदर्शक जीभ असते. गळाच्या रॉडवरच्या रिळानं दोरी गुंडाळायला लागलं की पाणी त्या जिभेवर दाबतं आणि मासा तळाकडे सूर मारतो, जिथे शिवडा मासा दबा धरून बसलेला असतो. गंमत चांगली, पण ओढायला प्रकार जड. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा.

नूरमहंमद म्हणजे आमचे नूरभाई, यांचे शाळेपासूनचे दोस्त, एसटीचे ड्रायव्हर. निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र अर्धवट राहिला. डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहा, वापरलात तर येईल, ठेवून दिलात तर जाईल. नूरभाईंनी ते मनावर घेतलं. त्यांच्या बायको मुमताजभाभी परातभर पीठ पुढ्यात ठेवायच्या आणि हा गडी कणीक तिंबत बसायचा. मग एक दिवस आमच्याकडे आले.

“मच्छिंद्र, मलाबी एक रीळ घेऊन दे. उजव्या हातानं फिरवीन. हाताला काम हुईल आन् तुझ्यासंगं बसनंबी हुईल.”

यांना काय, कुणी विचारायचाच अवकाश! रिळांवर आकडे असतात, पाचास एक, सहास एक, सातास एक असे. यांचं स्वतःचं रीळ जुनं, पाचचं. “तुला जोर कमी पडतो ना? मंग सातचं घे,” हे म्हणाले. “आकडा जेवढा मोठा तेवढा जोर जास्त. जन्मभर तेच केलंय.” नगरच्या दुकानदाराने फोनवर काहीतरी सांगून पाहिलं, तर यांनी त्यालाच गिअर शिकवला. नूरभाईंनी सातचं घेतलं.

पहिल्याच सकाळी त्यांनी तो जिभेचा मासा पाण्यात फेकला आणि हँडल फिरवायला गेले, तर हात थरथरायला लागला. थोडं फिरवायचे, थांबायचे. थांबले की मासा तरंगत वर यायचा, खोल जायचाच नाही. असं बरेच दिवस चाललं. हे शेजारी बसून आपलं रीळ मजेत गुंडाळायचे. आमचे हे मनाने वाईट नाहीत, पण चार माणसं भोवती असली की यांची जीभ सैल सुटते. एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, “नूरभाई, रीळ झकास हाय. तुज्या हातातच जीव ऱ्हायला न्हाई.”

काठावरचे हसले. नूरभाईही हसले म्हणे. घरी येऊन यांनी तो किस्सा मला रंगवून सांगितला आणि मीही हसले. ते आठवलं की आज तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर नूरभाई पाण्यावर आले नाहीत. रॉड आणि रीळ कुणाच्या तरी हाती पाठवून दिलं, “तुलाच लागंल” एवढाच निरोप. मुमताजभाभी बाजारात भेटल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. “कणीक तिंबायचंबी सोडलं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “म्हनतात, गेलेल्या हाताच्या मागं कशाला लागायचं?” मी घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, “वय झालं त्याचं.” दोघं एकाच वर्गातले, हो!

दिवाळी झाल्यावर यांचं जुनं रीळ अडकायला लागलं, म्हणून एका सकाळी हे नूरभाईंचं घेऊन गेले. परतले ते खांदा दाबत, चिडचिड करत. जेवायला हाक मारली तरी उठेनात. ओट्यावर दोन्ही रिळं घेऊन बसले होते. एकाचं हँडल सावकाश फिरवायचे आणि आतल्या चाकाकडे बघायचे. मग दुसऱ्याचं. मग पुन्हा पहिल्याचं. भाकरी गार व्हायला लागली तशी मी तणतणत बाहेर आले. यांच्या तोंडावरचा रंग उडालेला.

“उलटं हाय,” हे म्हणाले.

“काय उलटं?”

“कारखान्यात मोटर जोरात फिरती आन् गिअरबॉक्स तिचे फेरे कमी करतो. आकडा मोठा तेवढं भाईरचं चाक हळू, आन् जोर जास्त. हितं हातानं एक फेरा दिला की आतलं चाक सात फिरतंय. दोरी जास्त ओढली जाती, म्हनून सगळं वझं हातावर येतंय. माजं पाचचं हाय म्हनून मला हलकं जायाचं. मला वाटायचं, माजा हातच भारी.”

म्हणजे ज्याच्या हातात जोर नव्हता, त्यालाच यांनी सगळ्यात जड रीळ दिलं होतं. वर चारचौघांत त्याच्या हाताची टिंगल केली होती. यांना इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची कीवही आली नाही.

यांनी पाण्यावर जाणं बंद केलं. नूरभाईंच्या गल्लीवरून जायची वेळ आली की वळसा घालून जायचे. मग एक शहाणपणा केला. हळू चालणारं, पाचचं नवं रीळ मागवून नूरभाईंच्या रॉडला बसवलं आणि धाडून दिलं. वर निरोप, “नव्या तऱ्हेचं रीळ आलंय, वापरून बघ.” स्वतःच्या चुकीबद्दल एक शब्द नाही. रॉड आला तसा परत आला. नूरभाईंनी गुंडाळलेला कागदसुद्धा काढला नव्हता.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. “रीळ कशाला पाठवता? स्वतःचं तोंड घेऊन जा की!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं गेलो. नूरभाई पडवीत खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला ठेवावी तसा. यांनी बसायचंही नाकारलं. उभ्याउभ्या, खाली बघत सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, एवढं मी म्हणेन. “तुजा हात न्हाई चुकला, नूरभाई. माजं गनित चुकलं.”

नूरभाईंनी मांडीवरच्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, “म्हंजे तवा हात येत हुता?”

“येत हुता.”

“गेला नव्हता?”

“न्हाई.”

मला वाटलं, आता शिवी देतील किंवा हसून सोडून देतील. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. मुमताजभाभी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. नूरभाई त्यांच्याकडे न बघता बोलायला लागले.

“म्या पान्यावर यायचं सोडलं, त्यानंतर आपली मेहरीन आलती सासरहून, जामखेडहून. तान्ह्या पोरीला घेऊन, पयल्यांदाच. माझ्यापुढं धरली, घ्या म्हनली, अब्बा. म्या हात म्हागं घेतला. मेलेला हात, त्यातून पडली तर? पन तसं बोलायची लाज वाटली. म्हनलं, ऱ्हाऊ दे. तिला वाटलं, पोरगी झाली म्हनून आजा हात लावत न्हाई. दुसऱ्या दिवशी निघून गेली. आता माजा फोनबी घेत न्हाई.”

“मला तरी सांगायचं हुतं,” मुमताजभाभी म्हणाल्या आणि कप तिथेच खाली ठेवले. त्यांनाही लेक का रुसली ते आजच कळलं होतं.

हे पायरीपर्यंत गेले आणि वळले. “मी जातो जामखेडला. आत्ताच्या आत्ता जातो. मेहरीनला सांगतो, चूक माजी हाय.”

नूरभाईंनी वर बघितलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर यांना ते सोपं गेलं असतं.

“तिला काय सांगशील, मच्छिंद्र?” ते म्हणाले. “गिअरचं?”