करंगळीचा सूर

गोवा राज्य झालं त्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमासाठी मला मुलांचं एक गाणं बसवायचं होतं. पेडण्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये मी त्याचा कागद उघडला. मला हार्मोनियमवरचं सारेगम येत होतं. इथे मात्र पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवर कुळीथ सांडल्यासारखे ठिपके.

शेजारी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी करंगळी खाली येईल असा पंजा आडवा धरला.

"बाय, हातांत आसा तें कागदार कित्याक सोदता गो? पांच बोटां, पांच रेघो."

मग खेळच सुरू झाला. ते बोट हलवायचे, मी सूर ओळखायचा. त्यांच्या सारेगमात करंगळी म्हणजे 'मी', तिच्यावरचं 'सोल', मधलं 'सी'. मी चुकले की ते कपाळाला हात लावत, जमलं की मान डोलवत. म्हापसा येईपर्यंत कागदावरचे ठिपके मला गुणगुणता येऊ लागले.

तेवढ्यात त्यांनी नुसती करंगळी उंच केली, आमची मुलं वर्गात बाहेर जायला दाखवतात तश्शी. कंडक्टरने शिट्टी मारून बस थांबवली.

"कोणाक भायर वचपाचें आसा?"

"मी!" मी खेळाच्या भरात ओरडले.

सगळी बस हसली. म्हातारे तेवढे गंभीर.

"बरोबर," ते म्हणाले. "पूण सूर मातसो चडलो."