आपा आणि आईच्या टाळूवरची गाठ

लातूरच्या आपांनी कधी कुणा पेशंटला ‘घाबरू नका’ म्हटलं नाही. शरीरातून काढलेल्या गाठी तपासणाऱ्या डॉक्टर त्या. "भ्यायचं का न्हाई, ते पेशी सांगतील," म्हणायच्या आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावायच्या.

माझ्या आईच्या तोंडात, टाळूवर सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून निलंग्यात तीन वर्षं तिनं कुणाला सांगितलंच नाही. शेवटी ती लातुरात काढली आणि तपासायला आपांकडं गेली. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. गुरुवारी आपा म्हणाल्या, "अजून गाठीचे काप घ्यायलेय. सोमवारी ये."

आमच्या घरात अन्यायावर उपाय एकच, पत्रक. ‘रुग्णांना टांगणीला लावणाऱ्या लॅबचा धिक्कार!’ असं लिहून मी ते त्याच दुपारी आपांच्या दारावर चिकटवलं.

आपांनी उभ्या उभ्या वाचलं. "अक्षर झ्याक हाय. आता आत ये. कशावर लिवलंस ते बघ तरी."

आत त्यांनी एका जुन्या पाकिटावर पेन्सिलीनं चित्र काढून दाखवलं. लाळेच्या ग्रंथीत बारीक नळ्या असतात. आतल्या पेशी नळीचं अस्तर होतात, बाहेरच्या पेशी नळीला कवटाळून लाळ पिळून काढतात. आईच्या गाठीत या बाहेरच्या पेशींनी सोंगं घेतली होती. काही चरख्याच्या चातीसारख्या लांबट, काही गोल आणि केंद्रक कडेला सरकलेल्या, काही काचेसारख्या रिकाम्या. मधे कानाच्या कूर्चेसारखा गर.

"इतक्या तऱ्हा? म्हणजे कॅन्सरच!" मी ओरडले.

"येडी का काय! रूप बदलणं गुन्हा न्हाई. शेजाऱ्याच्या घरात घुसणं गुन्हा." त्यांनी पेन्सिल गाठीच्या कडेवर टेकवली. तिथं आवरण तुटलेलं होतं. "हितं मला शक हाय. आजच लिवून दिलं असतं, तर तू खूश झाली असतीस. अन् तुझी माय?"

मी बाहेर येऊन पत्रक नखांनी खरवडलं. डिंक निघता निघेना.

सोमवारी रिपोर्ट मिळाला. कॅन्सर नाही, गाठ साधी. पण एका बाजूला तिच्या पेशी कापलेल्या कडेपर्यंत पोचलेल्या. "मागं राहिलेली पेशी परत गाठ करती," आपा म्हणाल्या. "लई वर्षांनी बिघडती भी. बघत राहायचं."

पुढं हात थरथरायला लागले, तशा आपा काम सोडून नांदेडला लेकीकडं गेल्या. आता आई महिन्यातून एकदा खिडकीशी बसून तोंड उघडते. मी मोबाइलचा टॉर्च लावते.

"बोल की गं!" ती तशीच पुटपुटते.

"थांब," मी म्हणते, आणि वणाची कड पुन्हा पहिल्यापासून बघते.