सुभेदारचा स्वेटर आणि वाघबारस

एका अख्ख्या गावाने काठ्या घेऊन माझ्यामागे धावावं, असं मी आयुष्यात काहीही केलेलं नाही. तरी ते धावलं.

ईशा, कबीर, तुमच्या बाबाने त्याचा व्हिडिओ करून ठेवलाय, हे मला ठाऊक आहे. (तो तुमच्या शाळेतही पोचलाय, हेही ठाऊक आहे.) पण व्हिडिओत नुसतं पळणं दिसतं. पळण्यामागची कारणं दिसत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आजोबांना निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात ते करायचं नव्हतं. त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, नागापूरच्या एमआयडीसीतल्या जुन्या मित्रांच्या शेडमध्ये नेली आणि तिचं फिरतं घर करून आणलं. घडीचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, इवलंसं बेसिन. रंग मात्र पांढराच ठेवला. त्यामुळे रस्त्यात लोक रुग्णवाहिका समजून गाडीला वाट देतात आणि काही जण शववाहिका समजून हातही जोडतात!

आतली व्यवस्था माझी. जन्मभर मुख्याध्यापिका होते, त्यामुळे प्रत्येक डब्याला चिठ्ठी, प्रत्येक कपाला खिळा, आणि दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा फलक. नियम पहिला: ‘सुभेदारला साखळीशिवाय खाली सोडू नये.’

सुभेदार म्हणजे तुम्ही कॅनडाला जाताना आमच्या हवाली केलेला तुमचा कुत्रा. नाव आजोबांनी ठेवलं. नावाला शोभेल असं त्याच्यात फक्त ताठ शेपूट आहे. बाकी तो कुकरच्या शिट्टीला घाबरून पलंगाखाली जातो.

निघायच्या आधी तुमच्या बाबाचा फोन आला.

“आई, हे वय आहे का डोंगरात गाडीत झोपायचं?”

“मग कुठलं वय आहे? तुझं? तुला तर सुट्टीच मिळत नाही.”

“ठीक आहे. एक ट्रिप करा. पण काहीही गडबड झाली, तर आल्या आल्या गाडी विकायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हणाले. गडबड आणि माझ्या हातून? मी तर डिसेंबरमध्ये तुम्ही आलात की तुम्हाला याच गाडीतून भंडारदऱ्याला न्यायचं, हे मनात पक्कं करून टाकलं होतं. तुमचे मगसुद्धा घेऊन झाले होते. गाडी गेली की डिसेंबर गेला!

तर ऐन दिवाळीच्या तोंडावर आम्ही संगमनेर, अकोले, राजूर करत डोंगरात शिरलो. पाऊस संपलेला, भातं पिवळी पडलेली, उतारांवर सोनकीची फुलं. जणू कुणी डोंगरावर हळद सांडली होती. वसुबारशीच्या सकाळी आम्ही एका छोट्या गावाच्या शिवेवर गाडी लावली. मी गाडीपासून जांभळाच्या झाडापर्यंत दोरी बांधून धुणं वाळत घातलं, रंगाप्रमाणे लावून. मग कुकर चढवला. आता तुमच्या बाबाला व्हिडिओ कॉल करून सगळं कसं शिस्तीत चाललंय हे दाखवायचं, एवढंच बाकी होतं.

आणि इथे, ईशा, तुझे स्वेटर येतात. तू प्रेमाने दोन पाठवले होतेस, एक मला आणि एक सुभेदारला, अगदी एकसारखे. पिवळेजर्द, त्यावर काळे आडवे पट्टे! तुला आम्ही मधमाश्यांसारखे दिसू असं वाटलं असेल. कॉलसाठी दोघांनी घालावेत म्हणून मी आधी माझा घातला. मग सुभेदारला घालायला साखळी काढली. (नियम पहिला मोडला. पण घरात नियम ज्याने केला, त्याला थोडी सवलत असते.)

स्वेटर त्याच्या डोक्यातून गेला आणि कुकरची शिट्टी झाली.

सुभेदार दारातून जो सुटला, तो थेट गावाकडे!

“अहो, सुभेदार गेला!” मी ओरडले.

“जाऊ दे, येईल,” आजोबा खुर्चीतून म्हणाले. “फोन लागतोय बघ. काय रेंज आहे इथे! पूर्ण दांड्या!”

तीन दिवस एक दांडी मिळत नव्हती आणि नेमकी त्या जागी पूर्ण रेंज! मी फोन त्यांच्यावर सोपवला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट सरकवून धावले.

गावाबाहेर एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता, त्याभोवती गुराखी, बायका, पोरं, म्हातारी माणसं जमली होती. मोठ्या पातेल्यात खीर शिजत होती. सुभेदारच्या नाकाने त्याला बरोबर तिथेच नेलं होतं. तो पातेल्याभोवती आनंदाने नाचत होता आणि झाडावर, फांदीला मिठी मारून, अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवलेला आणि दोरीची शेपूट लावलेला एक तगडा माणूस बसला होता.

“किसन्या, खाली उतर की लेका!” खालून पागोटेवाले एक आजोबा ओरडत होते. त्यांना सगळे भागाबाबा म्हणत होते.

“आदी त्ये कुत्रं धरा! मला कुत्र्याचं लई भ्या हाय!”

“आरं, तू वाघ हायेस ना?”

“वाघ हाय म्हनूनच वर बसलोय!”

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतक्यात मी धापा टाकत पोचले. पिवळा स्वेटर, काळे पट्टे, केस पिंजारलेले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग भागाबाबांचे डोळे चमकले.

“घ्या! ह्यो किसन्या ऱ्हाऊ द्या झाडावर. खरा वाघ आला, संगं वाघीन बी आली!”

मी त्याकडे कौतुक म्हणून पाहिलं. जे आपल्याला ठाऊक नाही ते विचारावं, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. पण मला ठाऊक नाही, हेच मला ठाऊक नव्हतं! आपल्याकडे वसुबारस असते तेव्हा तिथल्या डोंगरात वाघबारस असते. गुरं चारणारी माणसं वाघोबाची पूजा करतात. मग कुणीतरी वाघ होतो. त्याला विचारतात, पुन्हा येशील का? त्याने ‘नाही’ म्हणायचं आणि पळायचं. सगळ्यांनी त्याला शिवेपर्यंत हाकलायचं. म्हणजे वर्षभर गुरं सुखरूप. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं, की एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर काठी टेकून उभे आहेत आणि आवाज चढवून विचारताहेत:

“बोल! आमच्या शिवारात पुन्हा येशील का?”

‘येशील का’ म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापिकेला! पण मी ते आपुलकीत जमा केलं. आणि तुम्हाला मी काय शिकवलंय? निघताना कधी ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. कुणी पुन्हा या म्हटलं तर तोंडभरून हो म्हणावं.

“येईन की!” मी हसून म्हणाले. “नक्की येईन! डिसेंबरमध्ये पिल्लांना घेऊन येईन!”

(तुम्हाला मी लाडाने पिल्लंच म्हणते, त्याला काय करू?)

गर्दीतून “आँऽऽ!” असा आवाज उठला. एका बाईने शेजारचं वासरू जवळ ओढलं.

भागाबाबांनी मान हलवली. बहुधा वाघाला सुधारण्याची एक संधी द्यावी, असं त्यांना वाटलं. “आन् आमच्या गुरांजवळ येशील का?”

“म्हणजे काय! आज वसुबारस. गाय-वासरू मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!”

“हाना हिला!” झाडावरून किसन गरजला. (तो खाली उतरला नव्हता. सल्ला मात्र देत होता.)

आणि गाव उठलं. काठ्या, फांद्या, थाळ्या, शिट्ट्या! सुभेदारने शिट्टी ऐकली आणि तो मला मागे टाकून निघाला. मी त्याच्या मागे. ईशा, माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर जे म्हणाले होते, ते सगळं त्या दिवशी खोटं ठरलं.

इकडे आजोबांचा कॉल लागला होता. तुमचा बाबा आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारे तुम्ही दोघं, सगळे बघत होतात.

“बाबा, मागे तो आरडाओरडा कसला? ते पिवळं काय पळतंय?”

आजोबांनी मागे वळून पाहिलं. तेवढ्यात त्यांना दोन गोष्टी कळल्या: बायको संकटात आहे आणि गाडीही संकटात आहे. त्यांनी आधी गाडी वाचवायचं ठरवलं.

“काही नाही रे. गावातला वाघ आहे.”

“मग वाघाच्या पायात आईचे बूट कसे?”

ते ऐकून आजोबा फोन हातात घेऊन स्टिअरिंगवर बसले. मला वाटेत उचलायचं, असा त्यांचा बेत. पण गाडीला माझी धुण्याची दोरी बांधलेली होती. दोरी जांभळाकडून सुटली आणि गाडीमागे माझ्या साड्या, आजोबांचे लेंगे आणि सगळी अंतर्वस्त्रं रंगाप्रमाणे सोनकीच्या फुलांतून निघाली!

गाव जागच्या जागी थांबलं. वाघाची अशी मिरवणूक त्यांनीही कधी पाहिली नव्हती. भागाबाबा तर खाली बसून हसू लागले.

“आजी, आवं थांबा! शीव आली. आता कुनी मारीत न्हाई तुमाला!”

मग मला सगळं समजावण्यात आलं. वाघ ‘येईन’ म्हणाला, हे मात्र कुणालाच चालण्यासारखं नव्हतं. गुरांचा प्रश्न होता. त्यामुळे मला परत वाघोबासमोर नेण्यात आलं आणि मी, सुभेदारला घट्ट धरून, वर्गात प्रतिज्ञा म्हणतात तशी खणखणीत म्हणाले, “मी पुन्हा येणार नाही. पिल्लांनाही आणणार नाही.” एवढं असभ्य वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खीर मिळाली, खऱ्या गाय-वासराची पूजाही झाली. पूजा होईतो किसनसुद्धा खाली उतरला होता, सुभेदारपासून अंतर राखून.

“पण बाबा,” मी भागाबाबांना विचारलं, “आमची नातवंडं डिसेंबरमध्ये यायची आहेत. आता मी वाघोबाला शब्द देऊन बसले.”

“बंदी वाघाला हाय, आजीला न्हाई,” ते म्हणाले. “साडी नेसून या म्हंजी झालं. आन् त्यो सवेटर ठिवा घरी.”

राहिला तुमचा बाबा. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी गाडीला शेवटचे हात जोडले आणि फोन उचलला. तो नुसता हसत होता. मागून तुमचा आवाज येत होता, “बाबा, गाडी विकायची नाही! आजी, पुन्हा पळ ना!”

“आई, गाडी राहू दे,” शेवटी तो म्हणाला. “पण तुमच्या त्या फलकावरचा पहिला नियम नीट पाळायचा. आणि त्यात मी सांगतो ती दुरुस्ती करायची. बाबांना फोन दे.”

तर या डिसेंबरमध्ये. तुमचे मग खिळ्याला लावलेलेच आहेत. गाडीत चढलात की दाराच्या आतल्या बाजूला बघा: ‘सुभेदारला साखळीशिवाय खाली सोडू नये.’ त्याखाली आजोबांच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात एक शब्द वाढवलेला आहे.

‘आजीलाही.’